साडेसातचा पेपर

टेक्सासमधल्या शुगर लँड गावातल्या आमच्या कॉलनीत टपाल घरोघरी येत नाही. गल्लीच्या तोंडाशी लोखंडी पेट्यांचा एक ठोकळा उभा आहे. त्यातली आपली पेटी किल्लीनं उघडायची आणि टपाल घेऊन यायचं. माझ्या इथल्या बहुतेक ओळखी त्या ठोकळ्यापाशी झाल्या आहेत. मागच्या गल्लीतल्या काकूंचीही. त्यांनी माझ्या हातातल्या पाकिटावरचं आडनाव वाचलं आणि सरळ मराठीत विचारलं, "नवीन का तुम्ही?" पुढच्या आठवड्यात त्या मला 'अगं' म्हणायला लागल्या होत्या.

काका-काकूंना इथे येऊन चाळीसहून अधिक वर्षं झालेली. काका मूळचे सांगलीचे. इथे तेलाच्या पाइपलाइनी चालवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी नोकरी केली, बहुतेक वर्षं कंट्रोल रूममध्ये. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातल्या एका खोलीत स्वतःची कंट्रोल रूमच मांडली होती म्हणा. मोठा पडदा, खाली काळा डबा, भिंतीवर दोन घड्याळं, एक इथलं आणि एक सांगलीचं. काकू त्या खोलीला 'ऑफिस' म्हणायच्या. त्यात थट्टा नव्हती, इतक्या वर्षांची सवय होती.

त्या ऑफिसात रोज सकाळी काका एकच काम नेमानं करायचे. सांगलीला त्यांची मोठी बहीण असते. तिला सगळे अक्का म्हणतात. काचबिंदूनं अक्कांची दृष्टी गेली आहे. त्याआधी त्या रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत, आणि वाचताना कुणी मध्ये बोललेलं त्यांना खपत नसे. डोळे गेल्यावर मुलानं रेडिओ आणून दिला, फोनवर बातम्या लावून दिल्या. अक्का म्हणाल्या, ती बाई माझ्याशी ओरडून बोलते. मग काकांनी पेपर वाचून दाखवायला सुरुवात केली. सांगलीचाच पेपर, ते इथे कॉम्प्युटरवर उघडत. पडद्याच्या एका बाजूला पेपर, दुसऱ्या बाजूला अक्का. तिकडे त्यांची सून जेवणाच्या टेबलावर फोन तांब्याला टेकवून ठेवायची. अक्कांना काका दिसत नसत, पण त्या फोनकडे तोंड करून ताठ बसत.

तिकडे संध्याकाळचे सात, म्हणजे उन्हाळ्यात आमच्या सकाळचे साडेआठ. आठला अक्का जेवत आणि जेवल्या की झोपत. त्यात कधीही बदल होत नसे.

आता कॉम्प्युटरबद्दल थोडं सांगायला हवं. काकांच्या घरातली इंटरनेटची लाइन जुनी, टेलिफोनच्या तारेवरून येणारी. गल्लीत बाकी सगळ्यांनी केव्हाच नवी घेतली होती. काकांचं म्हणणं, चालतंय ना, मग कशाला बदलायची. या जुन्या लाइनीला एक पद्धत होती. कॉम्प्युटर सुरू झाला तरी तो आपणहून इंटरनेटला जोडला जात नसे. पडद्यावर एक छोटी चौकट उघडायची, तिच्यात पासवर्ड घालायचा आणि 'कनेक्ट' दाबायचं. रोज, प्रत्येक वेळी. पासवर्ड लक्षात ठेवायला सांगण्यासाठी त्या चौकटीतच एक खूण करायची सोय होती. काकांनी ती खूण मुद्दाम केलेली नव्हती. पासवर्डही भला लांब, मोठी अक्षरं, लहान अक्षरं, आकडे, मध्येच एक टिंब. कामावरच्या कुठल्याशा जुन्या पंपाच्या नंबरावरून त्यांनी तो केला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

नोव्हेंबरात इथली घड्याळं एक तास मागे गेली. भारतातली जात नाहीत. त्यामुळे सांगलीचे सात आता आमच्याकडे साडेसातला वाजायला लागले. बाकी कुणाला या एका तासानं काही फरक पडत नाही. काकांना पडला. त्यांना पार्किन्सन आहे, कंपवात. दोन वर्षांपूर्वी निदान झालं होतं. सकाळची गोळी घेतली की तासाभरानं हात जरा ताब्यात येतात. साडेआठला ते पासवर्ड टाइप करू शकत होते. साडेसातला नाही.

हे मला काकूंनी सांगितलं, त्या टपालपेट्यांपाशीच.

"तू तेच काम करतेस ना गं, कॉम्प्युटरचं?"

"त्यातलंच," मी म्हटलं. माझं काम म्हणजे एका कंपनीची शेकडो मशीन्स आपापली वेळेवर सुरू होतील, एकमेकांना जोडली जातील, याची व्यवस्था लावणं. ती मशीन्स मी कधी पाहिलेली नाहीत. ती कुठल्या राज्यात आहेत तेही मला नीटसं माहीत नाही.

"मग यांचं ते नेट आपोआप जोडलं जाईल असं करून दे. अक्का तिकडे वाट बघत बसतात आणि हे इकडे त्या चौकटीशी झटत बसतात. मी टाइप करते म्हटलं तर पासवर्ड सांगत नाहीत. मला. पासवर्ड."

"काकांनी सांगितलंय का मला बोलवायला?"

"नाही. पण तू ये. शनिवारी ये, सात-सव्वासातला. चहाला ये."

इतक्या सकाळी कुणी कुणाकडे चहाला जात नाही. पण माझा नवरा कामासाठी आठवड्यातले चार दिवस वेस्ट टेक्सासला असतो आणि शुक्रवारी उशिरा पोचून शनिवारी दहापर्यंत झोपतो. मी गेले.

काका ऑफिसात बसले होते. मला बघून त्यांना सगळं कळलं असावं. "ये," म्हणाले. "बस त्या खुर्चीवर. पण कीबोर्डला हात लावायचा नाही."

मी बसले. हात लावला नाही. पुढचा वेळ माझ्या आयुष्यातल्या अवघड वेळांपैकी एक होता, आणि त्यात घडत काहीच नव्हतं. एक माणूस एका चौकटीत अक्षरं टाइप करत होता. बोट एका कळीवर जायचं आणि थरथरीनं ती कळ दोनदा दाबली जायची. पासवर्डाची अक्षरं दिसत नाहीत, नुसते काळे ठिपके दिसतात. त्यामुळे कुठलं अक्षर दोनदा पडलं ते कळायला मार्ग नव्हता. शेवटी 'कनेक्ट' दाबलं की थोडं थांबून चौकट परत यायची, कोरी. काका परत सुरुवात करायचे. एकदा त्यांनी डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट धरून टाइप केलं. तेव्हा मी भिंतीकडे बघत राहिले.

जोडलं गेलं तेव्हा सांगलीच्या घड्याळात आठ वाजून गेले होते. काकांनी फोन लावला. पडद्यावर सून आली. अक्कांना ती आत्या म्हणते.

"मामा, आत्या जेवायला बसल्या हो. बोलावू का?"

"नको, नको. जेवू दे. उद्या वाचू."

"नेटचा प्रॉब्लेम का आजपण?"

"हो. नेटचाच."

त्यांनी फोन बंद केला. दारात काकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.  चहा सगळ्यांनी घेतला.

मग मी म्हटलं, "काका, हे पाच मिनिटांचं काम आहे. पासवर्ड लक्षात ठेवायला सांगायचं आणि कॉम्प्युटर सुरू झाला की आपोआप जोडायला सांगायचं. तुम्ही बटण दाबून नुसतं बसायचं."

"मला माहीत आहे ते करता येतं. लोक करतात. मी करत नाही."

"का पण?"

मला वाटलं होतं ते चोरांचं, हॅकरांचं काही सांगतील. त्यांनी सांगितलं ते वेगळंच होतं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत ते एका पंपिंग स्टेशनवर होते. तिथला एक पंप कशानं तरी बंद पडला. एक माणूस तो बघायला गेला आणि झाकण काढून त्यानं हात आत घातला. पंपाची अडचण तोवर आपोआप दूर झाली होती आणि त्याला आपोआप सुरू व्हायची सवय लावलेली होती. त्या माणसाची तीन बोटं गेली. काका शेजारीच उभे होते. त्यानंतर त्यांच्या स्टेशनवर नियम झाला. बंद पडलेलं काहीही आपणहून सुरू होणार नाही. माणूस येईल, बघेल आणि स्वतःच्या हातानं बटण दाबेल.

"तो नियम मी पुढे सगळीकडे नेला," काका म्हणाले. "जिथे जिथे होतो तिथे. घरीसुद्धा. हिला विचार, आमचं गॅरेजचं दारसुद्धा आपोआप लागत नाही."

"पावसात उतरून लावावं लागतं," काकू म्हणाल्या.

मला ते सगळं पटलं. खरंच पटलं. तरी मी म्हटलं, "काका, पण या डब्यात कुणाचा हात नाहीये."

"यांचाच अडकलाय," काकू म्हणाल्या आणि कप गोळा करून आत गेल्या.

काका कीबोर्डकडे बघत बसले. मग म्हणाले, "विचार करतो." मी घरी आले. मला वाटलं, विषय संपला.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज अगदी कामकाजाचा. "शनिवारी दुपारी तीनला मोकळी आहेस का? तीनला माझे हात बरे असतात. तू सांगायचं, मी करणार."

शनिवारी तीनला मी गेले. दिवाळीच्या उरलेल्या शंकरपाळ्यांची वाटी टेबलावर होती. तीनला त्यांचे हात खरोखर बरे होते. पूर्ण स्थिर नव्हते, पण एका कळीवर एकदाच जात होते. मी खुर्ची थोडी मागे घेऊन बसले आणि बोलून सांगत गेले. आधी ती लक्षात ठेवण्याची खूण. काकांनी माउस तिच्यावर नेला आणि थोडं थांबून क्लिक केलं. मग कॉम्प्युटरच्या पोटातली ती जागा उघडली, जिथे त्याला नेमून दिलेली कामं ठेवलेली असतात. अमुक झालं की तमुक कर, अशी. तिथे नवीन काम घालायचं होतं. कॉम्प्युटर सुरू झाला की ही लाइन जोड, एवढंच. कामाला नाव द्या, असं विचारलं गेलं. काका क्षणभर थांबले आणि रोमन अक्षरांत त्यांनी 'सकाळ' असं लिहिलं.

प्रत्येक पायरीला ते विचारायचे, हे कशासाठी, हे नसलं तर काय होईल. पाच मिनिटांचं काम तासावर गेलं. मी माझ्या ऑफिसात असं कुणाला एवढं सांगत बसत नाही, तिथे कुणाला ऐकायचंही नसतं. मला वाटतं, मीसुद्धा त्या दिवशी पहिल्यांदा नीट विचार केला की या पायऱ्यांचा नेमका अर्थ काय होतो.

"आता रीस्टार्ट करून बघा," मी म्हटलं.

कॉम्प्युटर बंद झाला, सुरू झाला. आम्ही दोघं पडद्याकडे बघत राहिलो. जोडणी झाली नाही. उलट एक चूक दाखवणारी चौकट आली. मी पुढे वाकून वाचायला लागले, पण माझ्याआधी काकांनीच सांगितलं.

"घाई करतंय. बघ, आतलं नेटवर्कचं कार्ड अजून जागं झालेलं नाही, आणि याला लगेच जोडायला हवंय. समोर कुणी नसताना हात पुढे करतंय."

ते बरोबर होतं. "मग थोडं थांबायला सांगू या. दहा सेकंद?"

"तीस."

"एवढे नाही लागणार, काका."

"लागू देत. मला घाई नाहीये."

तीस सेकंद घातले. परत बंद केला, सुरू केला. तीस सेकंद बसून राहायचं म्हटलं की फार मोठे वाटतात. मग पडद्याच्या कोपऱ्यातलं छोटं चिन्ह बदललं. जोडलं गेलं होतं.  काकांनी आणखी दोनदा सगळं बंद करून सुरू करून बघितलं, आणि दोन्ही वेळा ते चिन्ह बदलेपर्यंत खुर्चीच्या हातांवर हात घट्ट ठेवून बसले. मग वाटीतली शंकरपाळी उचलून मला दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे नव्हते. काकूंनी नंतर सांगितलं. काका सव्वासातलाच ऑफिसात गेले. बटण दाबलं. हात मांडीवर ठेवून बसले. थोड्या वेळानं बाहेर आले आणि काकूंना म्हणाले, "जोडलं गेलं. आता मी दहा मिनिटं काय करू?" काकूंनी त्यांना कपड्यांच्या घड्या घालायला बसवलं. साडेसातला त्यांनी फोन लावला तेव्हा अक्का म्हणाल्या, "का रे, आज वेळेवर? मला वाटलं अमेरिकेतलं नेट कायमचंच बिघडलं."

हिवाळाभर रोज पेपर वाचला गेला. मी कधी शनिवारी जाऊन बसायचे. ऐकायला बरं वाटायचं. आम्ही घरात, बाहेर, फोनवर जे मराठी बोलतो त्यात निम्मं इंग्लिश असतं. मीटिंग कॅन्सल झाली, ड्राइव्ह करतेय, नंतर कॉल करते. काकांच्या वाचण्यात नगरपालिका, गाळप हंगाम, तहकूब, निविदा असे शब्द यायचे, आणि अक्का मध्येच त्यांवर टिप्पणी करायच्या. काकांची मुलगी सिॲटलला असते. ती एकदा आली होती तेव्हा दारात उभी राहून ऐकत होती. तिनं आधी वडिलांना एक टॅब्लेट पाठवला होता, हे सोपं पडेल म्हणून. तो हातात थरथरायचा म्हणून कपाटात पडून होता. "आय नेव्हर न्यू ही कुड रीड लाइक धिस," ती मला म्हणाली. लहानपणी त्यांनी तिला झोपताना गोष्टी वाचून दाखवल्या होत्या, पण इंग्लिशमध्ये, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे फार वाईट.

फेब्रुवारीच्या सुमाराला काकांचा आवाज बारीक व्हायला लागला. या आजारात तसं होतं. माणसाला स्वतःला वाटतं आपण नेहमीसारखंच बोलतोय, आणि समोरच्याला कुजबुज ऐकू येते. सून तिकडून म्हणायला लागली, "मामा, जरा मोठ्यानं." काकांनी मला माइक तपासायला बोलावलं. मी तपासला. आवाज वाढवून दिला. मग एक नवा माइक आणून लावला. त्यानं फारसा फरक पडला नाही, आणि पडणार नाही हे मला आणि काकूंना माहीत होतं. काकांनी अक्कांना आजाराबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. तिला दिसत नाही, तर कशाला सांगायचं, असं त्यांचं म्हणणं.

त्या शनिवारी मी तिथेच होते. काकांनी एक बातमी वाचली. दुसरी सुरू केली. अक्कांनी हात वर केला.

"माइक बिघडला असेल तर बदल," त्या म्हणाल्या. "पण मला नाही वाटत ते माइकचं आहे."

काकांनी कप बशीत ठेवला.

"तुझी कपबशी वाजते रे. तू चहाचा घोट घेतोस ना मधे, तेव्हा. कधीपासून ऐकतेय मी. अण्णांची पण अशीच वाजायची शेवटी शेवटी. तू तेव्हा तिकडे होतास. मी बशी काढून घेऊन नुसता कप द्यायला लागले होते त्यांना."

अण्णा म्हणजे त्यांचे वडील. काकू दारातून आत आल्या आणि काकांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हो," काका म्हणाले. मग थोडं मोठ्यानं, "हो, अक्का. मला कंपवात आहे."

"औषध घेतोस?"

"घेतो."

"वेळेवर?"

"वेळेवर."

"बरं. मग वाच पुढचं. आणि सुनेला म्हटलंय मी, फोन कानाजवळ धर. टेबलावर कशाला ठेवायचा, मला कुठे दिसतंय."

काकांनी पुढचं वाचलं. कसली बातमी होती ते मला आठवत नाही. काकू मात्र खुर्चीमागून हलल्या नाहीत.

त्यानंतर काका डॉक्टरांनी सांगितलेल्या स्पीच थेरपीला जायला लागले. तिथल्या बाईंनी सांगितलं, रोज मोठ्या आवाजात वाचत जा, समोर खोलीच्या पलीकडे कुणी उभं आहे असं समजून वाचा. काकांनी त्यांना सांगितलं, माझा माणूस खोलीच्या बराच पलीकडे असतो. पहिलं पान काकांनी वाचायचं, जेवढा आवाज टिकेल तेवढं, असं ठरलं. मग काकू. काकूंना वाचताना मधेच मतं द्यायची सवय होती, त्यामुळे अक्का आणि त्यांची खडाजंगी व्हायची आणि पेपर मागे पडायचा. शनिवारी उरलेलं मी वाचायचं.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा घड्याळं परत पुढे गेली होती आणि वेळ पुन्हा साडेआठची झाली होती. बाहेर इथला उन्हाळा सुरू झाला होता, सकाळीच काचा घामेजल्यासारख्या धुरकट व्हायच्या. मी एक बातमी वाचली. अक्का ऐकत होत्या.

"विदर्भातली का गं तू?"

"हो. नागपूरची. कसं ओळखलं?"

"वाचताना नाही. मगाशी 'चहा घेऊन राहिले' म्हणालीस ना." मग म्हणाल्या, "वाचतेस चांगलं. फक्त आकडे फार जोरात म्हणतेस."

कामामुळे असेल. मी आकडे हळू म्हणायला लागले.

काका माझ्या शेजारी बसून बातम्या निवडायचे. पडद्यावर बोट ठेवायचे, ही वाच, ही नको. राजकारणाची अर्धी पानं नको असायची. कृष्णेच्या पाण्याची पातळी पावसाळ्यात रोज हवी असायची, आणि ती झाली की अक्का आमच्या नदीचंही विचारायच्या. आमच्या कॉलनीच्या मागे बांधापलीकडे ब्राझोस नदी आहे. काका तिचीही पातळी बघून ठेवायचे. शेवटची दोन-तीन पानं ते भराभर पुढे सरकवायचे. छोट्या जाहिराती, काही नाही त्यात, म्हणायचे. मीही कधी बघितलं नाही.

एका शनिवारी नऊ वाजता त्यांच्या दुसऱ्या गोळीची वेळ झाली आणि ते उठून स्वयंपाकघरात गेले. त्यांच्या चालीनं ते लवकर परतणार नव्हते. तिकडे साडेसात वाजले होते. अक्कांनी मान थोडी वळवली.

"गेला का तो?"

"हो, गोळी घ्यायला गेलेत."

"मग शेवटून दुसरं पान उघड. पटकन. निधनाच्या बातम्या असतात बघ त्यात, खालच्या बाजूला. हा कधी वाचत नाही. मी विचारलं की म्हणतो आज नाहीत. एवढ्या मोठ्या गावात रोज कुणीच जात नाही का?"

मी पान उघडलं. खालच्या बाजूला होत्या. छोटे छोटे फोटो आणि प्रत्येकाखाली चार ओळी. वाचावं की नाही ते मला कळेना. काकांनी ते पान का टाळलं असेल, ते मला कळत होतं. पण ऐकणारी बाई त्यांच्यापेक्षा मोठी होती आणि तिनं साफ शब्दांत सांगितलं होतं. मी वाचायला लागले. पहिले एक निवृत्त तलाठी. अक्का म्हणाल्या, माहीत नाहीत. दुसऱ्या एक बाई, निवृत्त शिक्षिका, मागे दोन मुलगे, एक मुलगी, नातवंडं.

"थांब. माहेरचं नाव दिलंय का?"

दिलं होतं. मी वाचलं.

 तिकडे सुनेनं फोन जरा सरळ धरला. "माझ्या वर्गात होती," अक्का म्हणाल्या. "सायकल शिकली होती. आमच्यात पहिली. तिच्या वडिलांनी दोन दिवस अबोला धरला होता तिच्याशी आणि तिसऱ्या दिवशी तिलाच पीठ आणायला पाठवलं, सायकलवरून. घेऊन आली नीट. वय किती लिहिलंय?"

मी सांगितलं.

"दोन वर्षं कमी लिहिलंय," त्या म्हणाल्या. "असू दे."

मला मागे चाहूल लागली. काका दारात उभे होते, हातात पाण्याचा ग्लास. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी पडद्यावरचं पान बघितलं. मी माउसवरचा हात काढून घेतला. ते सावकाश आले, ग्लास टेबलावर ठेवला आणि आपल्या खुर्चीत बसले.

"आलास का?" अक्का म्हणाल्या. त्यांना ग्लास ठेवल्याचं ऐकू आलं असणार.

"आलो."

"बस. ही वाचतेय ते ऐक. पुढचं वाच गं. वयं वाचू नकोस, नुसती नावं वाच."

मी नावं वाचत गेले. चौथ्या नावाला काका पुढे वाकले आणि त्यांच्या त्या बारीक आवाजात म्हणाले, "अक्का, हा आपल्या शेजारचा तर नव्हे?"

"कुठला?"

"तो रे तो, दुधाची डेअरी होती त्यांची."

"मला काय रे म्हणतोस," अक्का म्हणाल्या. "नाही, तो नव्हे. तो आहे अजून. परवाच येऊन गेला, दोन तास बसला होता. याचं घर स्टेशनकडे होतं. तू नाही ओळखायचास."

"ओळखतो मी," काका म्हणाले. "उंच होता."

"बुटका होता," अक्का म्हणाल्या, आणि मग कितीतरी वेळ ते दोघं त्या माणसाबद्दलच बोलत राहिले.